अंडे फुटले, यात ताईचा दोष काय?

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. विहारात वंदना झाली, मुलांचा अभ्यासवर्ग सुटला आणि महिला मंडळाच्या भगिनी सतरंज्या गोळा करू लागल्या. दर रविवारी सर्वांत पुढे बसणारी एक ताई मात्र त्या दिवशी मागच्या भिंतीला टेकून, पदराने अर्धा चेहरा झाकून बसली होती. आमच्या पत्नीने जवळ जाऊन विचारपूस केली, तेव्हा पदर बाजूला झाला. उजवा गाल लालबुंद होऊन सोलवटला होता. डोळा थोडक्यात वाचला होता.

ही ताई समोरच्या इमारतींत दोन घरी स्वयंपाकाला जाते. त्या दिवशी सकाळी एका घरी आदल्या रात्रीची उकडलेली अंडी फ्रीजमध्ये होती. मुलाच्या डब्यासाठी ती गरम करून दे, असे बाईसाहेबांनी सांगितले. ताईने सोललेली दोन अंडी बशीत घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. यंत्र थांबल्यावर बशी बाहेर काढली. अंडी जशीच्या तशी, पांढरीशुभ्र होती. तिने एका अंड्याला सुरी लावली मात्र, फटाक्यासारखा आवाज झाला आणि उकळता बलक तिच्या तोंडावर उडाला. दचकून हातातील बशी खाली पडली आणि फुटली.

पुढे जे घडले ते अधिक लागणारे होते. बशी भारी सेटमधली होती म्हणून पगारातून चारशे रुपये कापले. वर ऐकवले, ‘तुम्हा लोकांना मशीन वापरायची अक्कल नाही.’ संध्याकाळी ताई घरी आली, तर शेजारच्या म्हातारीने निदान केले, ‘त्या दिवशी अमावस्या होती. अंड्यात काहीतरी होते. उतरून टाक.’

ताईने आम्हाला एवढेच विचारले, ‘भाऊ, मी बटण बरोबर दाबलं होतं. मग माझं चुकलं काय?’

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही कॉमर्सचे, विज्ञानाशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला. परंतु प्रश्न सोडून देण्यासारखा नव्हता. एका बाजूने ‘अक्कल नाही’ आणि दुसऱ्या बाजूने ‘बाहेरची बाधा’, या दोन्ही निदानांनी आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या छळले आहे. म्हणून आम्ही वाचनालयात बसलो, वस्तीतील विज्ञानाच्या एका शिक्षकांना गाठले आणि पुढच्या रविवारी विहारात हा विषय मांडला. तोच आज या पानावरून कुटुंबातील सर्वांपुढे ठेवत आहोत.

मुळात हे यंत्र करते काय?

चूल असो, स्टोव्ह असो की गॅस, त्यात उष्णता बाहेरून आत जाते. आधी भांडे तापते, मग पदार्थाची वरची बाजू आणि शेवटी आतला गाभा. मायक्रोवेव्हची तऱ्हा निराळी आहे. त्यात मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते. ती रेडिओच्या लहरींच्याच जातीच्या, परंतु आखूड लहरी सोडते. या लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा हेलकावे घेतात. पाण्याच्या प्रत्येक कणाला, म्हणजे रेणूला, विजेच्या दृष्टीने एक धन आणि एक ऋण बाजू असते. लहर जशी हेलकावते तसा हा कण तिच्याबरोबर फिरू पाहतो. गर्दीच्या लोकलमध्ये एकाने वळायचे ठरवले की सगळ्यांना धक्के बसतात, तसे हे कण एकमेकांवर आदळतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते.

म्हणजे मायक्रोवेव्ह मुख्यतः पदार्थातील पाणी तापवतो. काचेची बशी किंवा अंड्याचे कवच यांत पाणी जवळजवळ नसते, म्हणून ती स्वतःहून फारशी तापत नाहीत. या लहरी पदार्थात साधारण दोन-तीन सेंटीमीटर आत शिरतात. अंडे जाड असून असून किती? चार-साडेचार सेंटीमीटर! लहरी सर्व बाजूंनी येतात, त्यामुळे त्या थेट बलकापर्यंत पोहोचतात.

पुष्कळांच्या मनात एक शंका असते, तिचेही निरसन करतो. या लहरींमुळे अन्न किरणोत्सर्गी होत नाही. बटण बंद झाले की दिवा मालवावा तशा लहरी संपतात. भीती बाळगायची ती किरणांची नव्हे, वाफेची.

एका ग्रॅमचा हिशेब

आमचा जन्म खातेवह्यांत गेला, तेव्हा हिशेबच मांडू. एक ग्रॅम पाणी म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. त्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत सुमारे १.७ लिटर जागा मागते. दुधाची एक लिटरची पिशवी आणि वर पाऊण पिशवी, एवढी जागा! एका अंड्याच्या आतील ऐवज सुमारे पन्नास ग्रॅम. त्यात तीनचतुर्थांश पाणी, म्हणजे पस्तीस ग्रॅमच्या वर. त्यातील एकाच ग्रॅमची वाफ झाली, तरी ती मुठीएवढ्या अंड्यात मावणार कशी? ती वाट शोधते. वाट मिळाली तर निमूटपणे निघून जाते. वाट नसेल तर दाब वाढत जातो आणि जे आवरण तिला अडवते ते फाटते. यालाच आपण फुटणे म्हणतो.

म्हणजे पदार्थ फुटायला दोन गोष्टी लागतात. आत पाणी आणि बाहेर वाफ अडवणारे आवरण. भाताला आवरण नाही, तो फुटत नाही. चपाती फुटत नाही. परंतु टोमॅटो, सालासकट अख्खा बटाटा, वांगे, मटार, द्राक्षे यांना साल आहे. कोंबडीची कलेजी आणि माशाची गाबोळी यांच्यावर पातळ पडदा आहे. हे सर्व फुटू शकते. घट्ट झाकण लावलेला प्लास्टिकचा डबा आणि न फोडलेली पिशवी यांनाही हाच नियम लागू.

मग पातेल्यात का फुटत नाही?

सभेत एका मावशींनी नेमका हाच प्रश्न विचारला. ‘आम्ही अर्धा अर्धा तास अंडी उकडतो. कधी बॉम्ब फुटला नाही!’

प्रश्न अगदी रास्त आहे. पातेल्यातले पाणी उकळू लागले की ते साधारण १०० अंशांवर थांबते. खालून जाळ कितीही मोठा केला तरी पाणी लवकर आटेल, पण त्याहून तापणार नाही. जे अंडे १०० अंशांच्या पाण्यात बुडालेले आहे, त्याचा गाभा त्याहून अधिक कसा तापेल? म्हणून आत वाफ कोंडून स्फोट होत नाही. फार तर कवचाला तडा जातो. मायक्रोवेव्हमध्ये हे बंधन नाही. तिथे आतल्या पाण्याला थेट उष्णता मिळत राहते आणि गाभा १०० अंशांच्या पुढे सरकतो.

आता ताईच्या अंड्याचे कोडे. ते यंत्रात शांत होते आणि सुरी लागताच फुटले, असे का? त्याला कारण असे की, पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी प्रत्येक वेळी लगेच उकळत नाही. उकळण्यासाठी पहिला बुडबुडा धरायला कुठेतरी जागा लागते. ती मिळाली नाही तर पाणी अतितप्त होऊन गप्प बसते. बलकात पाण्याचे असे बारीक बारीक कप्पे अडकलेले असतात. वरून काही दिसत नाही, वाफ नाही, आवाज नाही. सुरीचे टोक किंवा माणसाचा दात लागला की एका कप्प्याचे पाणी क्षणात वाफ होते, तो धक्का शेजारच्या कप्प्यांना बसतो आणि सगळे अंडे एकदम उसळते. तोंडात अंडे फुटून ओठ भाजल्याच्या आणि डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना डॉक्टरांच्या नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

अमेरिकेत एका माणसाने उपाहारगृहावर दावा लावला. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेले अंडे चावताना तोंडात फुटले आणि आपल्या कानाला इजा झाली, असे त्याचे म्हणणे होते. त्या दाव्याच्या निमित्ताने तिथल्या ध्वनितज्ज्ञांनी सुमारे शंभर उकडलेली अंडी पाण्यात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये तापवली आणि बाहेर काढून टोचून पाहिली. जवळजवळ एकतृतीयांश अंडी टोचताच फुटली. एक फुटावरून मोजलेला आवाज ८६ ते १३३ डेसिबल भरला. आपले साधे बोलणे साठाच्या आसपास असते. हे निष्कर्ष २०१७ साली जाहीर झाले. अशा एका आवाजाने कान जाण्याची शक्यता फार थोडी, असेही त्यांनीच सांगितले. आपल्यासाठी त्यातला बोध दुसरा आहे. काही अंडी फुटली, बरीचशी टोचल्यावरही फुटली नाहीत आणि कोणते अंडे फुटेल हे बाहेरून ओळखता आले नाही. शिवाय अंडी पाण्यात बुडवून ठेवली तरी धोका टळला नाही.

ज्याने यंत्र काढले त्याचीही तीच गत

आता ‘अक्कल नाही’ या आरोपाकडे वळू. हे यंत्र काढले कोणी? पर्सी स्पेन्सर या अमेरिकन माणसाने. त्याचा जन्म १८९४ सालचा, मेन नावाच्या राज्यातील. तान्हेपणी वडील वारले, आई सोडून गेली, काका-काकूंनी वाढवले. काकाही लवकर गेले. बाराव्या वर्षी शाळा सोडून तो गिरणीत कामाला लागला. पुढे नौदलात शिरला, रात्रपाळीत पहारा करता करता पुस्तके वाचून रेडिओचे तंत्र शिकला आणि एका कंपनीत रडारच्या नळ्या बनवणारा नामांकित तंत्रज्ञ झाला. त्याच्याजवळ कॉलेजची पदवी नव्हती.

१९४५ च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातील चॉकलेटची वडी वितळली. असे का झाले, हे त्याने स्वतःला विचारले. त्याने मक्याचे दाणे आणून ठेवले, त्यांच्या लाह्या झाल्या. मग अंडे ठेवले. ते फुटले आणि जवळ वाकून पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले, अशी हकीकत सांगतात. १९४७ साली आलेली पहिली यंत्रे माणसाएवढी उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. ओट्यावर मावणारे घरगुती यंत्र अमेरिकेत १९६७ मध्ये विक्रीला आले.

सांगायचा मुद्दा असा की, रडारवाल्यांच्या तोंडावर अंडे उडाले तेव्हा कोणी त्यांची अक्कल काढली नाही. त्याला प्रयोग म्हटले. आमच्या ताईच्या तोंडावर उडाले तेव्हा मात्र तो ‘तुम्हा लोकांचा’ दोष झाला! त्या घरात यंत्राबरोबर आलेले माहितीपुस्तक इंग्रजीत होते आणि ते कपाटात होते. यंत्र चालवणाऱ्या हाताला कोणी ते समजावून दिले नव्हते. माहिती न देणे ही चूक मालकाची. तिची भरपाई कामगाराच्या पगारातून का?

वांग्याला टोचे का मारता?

सभेत आम्ही भगिनींना विचारले, ‘भरतासाठी वांगे भाजता तेव्हा आधी काय करता?’ चार-पाच आवाज एकदम आले, ‘टोचे मारतो!’ का? ‘नाही तर फुटतं ना!’ तळायच्या मिरचीला काय करता? ‘चीर देतो.’ कोकणातल्या एक आजी म्हणाल्या, ‘फणसाच्या आठळ्या चुलीत टाकायच्या आधी ठेचून घ्यायच्या, नाही तर निखारे अंगावर येतात.’

मग सांगा, विज्ञान कोणाला येत नव्हते? वाफेला वाट द्यावी लागते, हे आपल्या आज्यांना चुलीपाशी ठाऊक होते. फक्त नव्या यंत्रापाशी ते ज्ञान कसे लावायचे, एवढेच सांगणारे कोणी नव्हते. आमच्या ताईने हे सर्व ऐकले आणि त्या दिवशी पहिल्यांदा पदर खाली घेतला.

अमावस्येच्या बाबतीत आम्ही शेजारच्या म्हातारीला दोष देत नाही. तिला कोणी कारण सांगितले नाही, म्हणून तिने जे ऐकले होते तेच सांगितले. तथागतांनी कालामांना हाच उपदेश केला की, परंपरेने आले म्हणून, कोणी मोठ्याने सांगितले म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. आपण रोज वंदनेत धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि पहा. आपल्या संविधानाच्या कलम ५१-क मध्येही वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. तेव्हा अंडे पौर्णिमेलाही फुटेल आणि अमावस्येलाही. त्याला तिथी कळत नाही, तापमान कळते.

मुलांसाठी रविवारचा प्रयोग

यासाठी मायक्रोवेव्ह लागत नाही. लाह्यांचा मका आणा. वीस दाणे अख्खे घ्या. दुसऱ्या वीस दाण्यांचा मोठ्या माणसाने अडकित्त्याने टवका काढावा. दोन्ही ढीग वेगवेगळे, झाकण ठेवलेल्या कढईत, थोड्या तेलावर तापवा. गॅसजवळ मोठ्यांनीच उभे राहावे. कोणत्या ढिगात किती लाह्या झाल्या ते वहीत मांडा. अख्ख्या दाण्याचे कवच वाफ कोंडून धरते आणि १८० अंशांच्या आसपास, हवेच्या सुमारे नऊपट दाबाला फुटते. टवका उडालेल्या दाण्यांतून वाफ आधीच निसटते आणि बहुतेक दाणे तसेच राहतात. आमच्या विहारात मुलांनी हा प्रयोग केला तेव्हा म्हातारी स्वतः येऊन दाणे मोजत होती.

घरी आणि कामाच्या ठिकाणी पाळायचे नियम

आता आपल्याही काही घरांत जुना, कोणी दिलेला मायक्रोवेव्ह येऊ लागला आहे. म्हणून हे नियम कापून भिंतीवर लावा.

१. अख्खे अंडे, कच्चे किंवा उकडलेले, सोललेले किंवा न सोललेले, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. गार अंडी गरम करायची तर गॅसवरून उतरवलेल्या कढत पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावीत.

२. बटाटा, वांगे, टोमॅटो यांना काट्याने चारी बाजूंनी टोचे मारावेत. कलेजी आणि गाबोळी गॅसवरच करावी.

३. डब्याचे झाकण सैल ठेवावे. घट्ट बंद डबा किंवा बाटली ठेवू नये. स्टीलचे भांडे आणि चांदीसारखा कागद ठेवल्यास ठिणग्या उडतात.

४. वरण, पिठले, रस्सा असे दाट पदार्थ खालून उकळून अंगावर उडतात. वर सैल झाकण ठेवावे, थोडे थोडे तापवावे आणि मध्ये थांबून ढवळावे.

५. नुसते पाणीही गुळगुळीत कपात अतितप्त होते आणि साखर किंवा कॉफी टाकताच उसळते. कपात लाकडी काडी ठेवावी आणि यंत्र थांबल्यावर मिनिटभर थांबून मगच कप काढावा.

६. बाळाच्या दुधाची बाटली यात तापवू नये. बाटली कोमट लागते, पण आतले दूध एखाद्या जागी चटका देण्याइतके गरम असते.

७. यंत्र १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावावे. बिघडल्यास घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतभार साठून राहू शकतो.

८. भाजल्यास तो भाग लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही लावू नये. ताईच्या गालावर कोणीतरी टूथपेस्ट फासली होती, त्याने जखम चिघळली. डोळ्यात उडाल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी ताईचे काय झाले?

ताईची मुलगी नववीत आहे. सभेनंतर तिने हे सारे एका पानावर सुवाच्य अक्षरात लिहून काढले. ताई ते पान घेऊन कामावर गेली. बाईसाहेबांनी ते उभ्याने वाचले, मग बसून पुन्हा वाचले आणि म्हणाल्या, ‘हे आम्हालाही माहीत नव्हतं.’ आज ते पान त्यांच्या मायक्रोवेव्हच्या दारावर चिकटवलेले आहे. कापलेले चारशे रुपये मात्र हे लिहीपर्यंत परत आलेले नाहीत. ते मागायला ताई जाणार आहे आणि या वेळी महिला मंडळाच्या दोघी तिच्याबरोबर जाणार आहेत.

घरकाम करणाऱ्या आमच्या भगिनींना एवढेच सांगणे आहे. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आहे. ज्यांची नोंदणी झालेली नाही त्यांनी ती करून घ्यावी. कामाच्या घरी नवे यंत्र आले तर ‘आधी दाखवा, मग चालवते’ असे निर्भयपणे म्हणावे. विचारण्यात कमीपणा नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिका असे सांगितले, ते केवळ शाळेपुरते नव्हते. ओट्यापाशीही ‘का?’ असे विचारता आले पाहिजे. ज्याला कारण कळले, त्याला कोणी उगाच दोषी धरू शकत नाही.

जयभीम!